मिऱ्याची फाइल का सापडेना? : शेलमधील दोष शोधण्याची आणि कळविण्याची रीत

रत्नागिरी शहराला लागून समुद्रकाठी वसलेले मिऱ्या हे गाव जिल्ह्याबाहेरही अनेकांच्या परिचयाचे आहे. नागपूरकडे जाणाऱ्या महामार्गाचे एक टोक म्हणून त्याचे नाव रस्त्यांच्या नकाशावर येते. पावसाळ्यात लाटांचा मारा सोसणारा त्याचा किनारा आणि तेथील बंधारा यांचा उल्लेख वृत्तपत्रांतून होत असतो. या नावात आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि ते बहुधा संगणकावर काम करणाऱ्यांच्याच प्रत्ययास येते. ते म्हणजे त्यातील अर्धा र.

समजा, तालुक्यातील ग्रामपंचायतींच्या कर आकारणी नोंदवह्या, म्हणजे नमुना आठ, एका संगणकावर ठेवलेल्या आहेत आणि प्रत्येक गावाची एक फाइल आहे. गावांच्या नावांची यादी दुसऱ्या कार्यालयात टंकलिखित होऊन आली आहे. रोज रात्री संगणकाने ती यादी वरून खाली वाचावी आणि एकेका गावाच्या फाइलीची प्रत अन्य सुरक्षित ठिकाणी ठेवावी, अशी आज्ञावली लिहून ठेवण्यात आली आहे. पावस, नाणीज, हातखंबा, गणपतीपुळे यांच्या प्रती बिनबोभाट तयार होतात. मिऱ्याची मात्र होत नाही. (प्रत्यक्षात सडामिऱ्या आणि जाकीमिऱ्या अशी स्वतंत्र नावे आहेत, येथे सोयीसाठी नुसते ‘मिऱ्या’ असे म्हटले आहे.) संगणक दर रात्री ‘अशी फाइल नाही’ असा एका ओळीचा संदेश देतो आणि पुढच्या गावाकडे वळतो. रात्री तो संदेश वाचावयास कोणी नसते. सकाळी पाहणारा फोल्डर उघडतो, तर मिऱ्याची फाइल त्याच्या डोळ्यांसमोर असते. तो मनाशी म्हणतो, फाइल तर आहे. मग संगणकाचेच काहीतरी बिघडले असावे.

पुढे केव्हातरी मूळ संगणकाची तबकडी निकामी झाली की सर्व गावांच्या नोंदी प्रतीवरून परत येतील. मिऱ्याच्या येणार नाहीत. बँकेच्या कर्जासाठी घराचा उतारा मागावयास आलेल्या ग्रामस्थाला तेव्हा कोणते उत्तर द्यावयाचे, हा प्रश्न ज्या दिवशी उभा राहील त्या दिवशी दोष शोधून उपयोग नाही.

शेल म्हणजे काय?

पडद्यावरील चित्रांवर टिचकी मारून काम करण्याची सवय आता सर्वत्र झाली आहे. परंतु मोठ्या संगणकांवर, विशेषतः रात्रीची नित्य कामे करून घेण्यासाठी, आजही लेखी आज्ञा देण्याचीच पद्धत आहे. माणसाने टंकलिखित केलेली ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा आणि योग्य त्या कार्यक्रमाला कामास लावणारा जो मध्यस्थ असतो त्याला ‘शेल’ म्हणतात. शेल म्हणजे कवच. संगणकाचा गाभा आत आणि माणूस बाहेर, अशी ही कल्पना आहे.

लिनक्स प्रणालीवर सर्वाधिक आढळणारे शेल म्हणजे ‘बॅश’. ब्रायन फॉक्स यांनी ते १९८९ मध्ये तयार केले आणि पुढे त्याची देखभाल अमेरिकेतील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातील चेट रॅमी यांच्याकडे आली. सी-डॅक या संस्थेने विकसित केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणालीदेखील लिनक्सवरच आधारलेली आहे.

शेल हे कचेरीतील अत्यंत काटेकोर कारकुनासारखे असते. लिहिले असेल तेवढेच आणि तसेच ते करते. लिहिणाऱ्याच्या मनात काय होते याचा विचार ते करीत नाही. म्हणूनच शेलविषयीच्या बहुसंख्य तक्रारींत शेलचा दोष नसतो. दोष शोधण्याचे पहिले पाऊल म्हणजे तो कोणाचा आहे हे ठरविणे.

दोष कोणाचा?

नेहमी आढळणारे काही प्रकार पाहिले म्हणजे ही गोष्ट ध्यानात येईल. शेलच्या दृष्टीने मोकळी जागा म्हणजे दोन शब्दांमधील सीमा होय. ‘घरपट्टी जुनी’ या नावाची फाइल पुसून टाकण्याची आज्ञा अवतरणचिन्हांशिवाय लिहिली, तर शेल ‘घरपट्टी’ आणि ‘जुनी’ अशा दोन फाइली पुसावयास सांगते. त्या नावांच्या दोन वेगळ्या फाइली तेथे असतील तर दोन्ही जातात आणि जी काढावयाची ती तशीच राहते. हे केवळ नवशिक्यांच्याच हातून घडते असे नाही. २०११ मध्ये ‘बंबलबी’ नावाच्या एका लिनक्सवरील कार्यक्रमाच्या आज्ञावलीत एक मोकळी जागा चुकून पडली होती. त्यामुळे एक विशिष्ट उपफोल्डर काढण्याऐवजी ज्यात प्रणालीचे बहुतेक सर्व कार्यक्रम असतात तो संपूर्ण फोल्डर पुसला जाऊ लागला.

दुसरा प्रकार विंडोजवर लिहून लिनक्सवर आणलेल्या आज्ञावल्यांचा. विंडोजमध्ये ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह पडते. लिनक्स ते चिन्ह नावाचाच भाग समजते आणि अमुक दुभाष्या सापडत नाही अशी तक्रार करते. पत्रे लिहिण्याच्या कार्यक्रमातून आज्ञा उतरवून घेतली तर अवतरणचिन्हे वळणदार होतात. शेलला फक्त सरळ चिन्हे कळतात. देवनागरी अंक वापरून बेरीज सांगितली तर शेल चूक दाखविते, कारण त्याच्या नियमांत शून्य ते नऊ हे आंतरराष्ट्रीय अंकच अंक म्हणून मान्य आहेत. मराठी वाचकाला हे खटकेल. खटकणे रास्तही आहे. तथापि हा दोष नसून ठरविलेली मर्यादा आहे, आणि ती बदलावी अशी मागणी करणे आणि दोष कळविणे ही दोन निरनिराळी कामे आहेत.

चौथा प्रकार मराठी फाइलींच्या बाबतीत विशेष. फोल्डरातील यादी मागितली असता नावांच्या जागी ‘३४०, २४४’ असे आकडे पुन:पुन्हा दिसू लागतात आणि फाइली बिघडल्या असा समज होतो. वास्तविक फाइली सुखरूप असतात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठविले जाते आणि त्यांतील पहिला बाइट अष्टमान पद्धतीने ३४० असतो. दुसरा २४४ किंवा २४५. संगणकाची भाषा-मांडणी यूटीएफ-८ वर नसेल तर अक्षरांऐवजी हे आकडेच दाखविले जातात. ‘लोकेल’ ही आज्ञा दिली की मांडणी कोणती आहे ते समजते. येथे सुधारणा मांडणीत करावयाची. फाइलींची नावे बदलत बसावयाची नाहीत. ती बदलणाऱ्यांनी चांगल्या फाइलींचा विचका केल्याची उदाहरणे कमी नसावीत.

याच बाइटांच्या हिशेबामुळे आणखी एक अडचण येते. लिनक्सवर फाइलीच्या नावाला सामान्यतः २५५ बाइटांची मर्यादा असते. इंग्रजीत ती २५५ अक्षरे होतात, मराठीत जेमतेम ८५ चिन्हे, आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सर्व स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजली जातात. शासकीय विषयाचे पूर्ण शीर्षकच फाइलीला नाव म्हणून देण्याची आपली सवय पाहता ‘नाव फार लांब आहे’ हा संदेश का येतो, याचे नवल वाटू नये.

मिऱ्याच्या नावातील तीन बाइट

आता मूळ प्रकरणाकडे वळू. पहिली गोष्ट, संदेश कोणी दिला ते वाचावे. शेलच्या जगात संदेशाच्या आरंभी तो देणाऱ्याचे नाव असते. ‘बॅश’ असे असेल तर तक्रार शेलची. ‘सीपी’ असे असेल तर ती प्रत काढणाऱ्या कार्यक्रमाची. मिऱ्याच्या बाबतीत संदेश ‘सीपी’चा असतो. म्हणजे शेलने आज्ञा समजून घेतली, कार्यक्रम सुरू केला, नावही त्याच्या स्वाधीन केले. एवढ्यानेच अर्धा तपास होतो. पण बहुतेकजण संदेशाचा शेवट तेवढा वाचतात.

दुसरी गोष्ट, बॅशला ‘वजा एक्स’ ही खूण देऊन आज्ञावली पुन्हा चालवावी. मग प्रत्येक आज्ञा अमलात येण्यापूर्वी शेल तिची ओळ, आरंभी अधिकचिन्ह देऊन, पडद्यावर लिहून दाखविते. आपण काय लिहिले याऐवजी शेलने काय वाचले, हे त्यावरून दिसते. काम करणाऱ्याने स्वतःच्या सोयीसाठी करून ठेवलेल्या मांडणीमुळे आज्ञांचे अर्थ बदललेले असू शकतात. त्यासाठी ‘नोआरसी’ ही खूण देऊन ती मांडणी बाजूला ठेवून पाहावे. मिऱ्याच्या प्रकरणी या दोन्ही तपासण्यांतून काहीच निघत नाही. ओळ बरोबर दिसते. नाव बरोबर दिसते.

येथे ‘दिसते’ हाच शब्द संशयास्पद आहे. म्हणून तिसरी तपासणी डोळ्यांवर न सोपविता मोजणीवर सोपवावी. यादीतील ‘मिऱ्या’ आणि फाइलीच्या नावातील ‘मिऱ्या’ यांचे बाइट मोजले असता एक १८ आणि दुसरे २१ भरते. दिसावयास एक असलेली नावे संगणकाच्या लेखी दोन आहेत.

याचे मूळ आपल्या लिपीत आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. हा फरक मराठी माणूस रफार आणि अर्धा र यांच्या साहाय्याने लिहून दाखवितो. हिंदीला या अर्ध्या र ची गरज पडत नाही; मराठी, कोकणी आणि नेपाळी यांना पडते. युनिकोड या आंतरराष्ट्रीय संकेतप्रणालीत हा र लिहिण्यासाठी ‘ऱ’ हे अक्षर आणि त्यापुढे हलन्त अशी योजना आहे. परंतु जुन्या आवृत्तीशी मेळ राहावा म्हणून साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य, रुंदी नसलेला जोडक, अशीही रीत मान्य ठेवण्यात आली. तिसरी रीत म्हणजे साधा र, त्याखाली नुक्ता आणि मग हलन्त. छापून आल्यावर तिन्हींचे रूप एकच. पहिल्या रीतीने मिऱ्यात सहा चिन्हे, म्हणजे १८ बाइट. उरलेल्या दोन्हींत सात चिन्हे, म्हणजे २१ बाइट.

यांतील नेमकी कोणती रीत वापरली आहे हे ‘ओडी’ या आज्ञेने नावाचे बाइट अष्टमानात लिहून काढले की कळते. ३४०, २४४, २६१ अशी तिकडी आली तर ते ‘ऱ’ अक्षर. ३४२, २००, २१५ ही तिकडी दिसली तर तो अदृश्य जोडक. ३४०, २४४, २७४ म्हणजे नुक्ता. ही मोजणी करण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत. केवळ एकूण बाइटांवर मात्र विसंबू नये. रफार देऊन चुकीने ‘मिर्या’ लिहिले तरी बेरीज १८ च येते, फक्त तिकडी २६१ ऐवजी २६० असते.

तेव्हा शेल निर्दोष, प्रत काढणारा कार्यक्रम निर्दोष आणि लिनक्सही निर्दोष. कारण ते नावाकडे अक्षरे म्हणून पाहतच नाही, बाइटांची ओळ म्हणून पाहते. दोन कार्यालयांतील दोन टंकलेखन-पद्धतींमध्ये एकवाक्यता नव्हती, हे खरे कारण. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘ऱ’ हे अक्षर ‘र’ च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, मिळते. सर्वांनी तेच वापरावे असे ठरविणे श्रेयस्कर. लिखाण एकरूप करून देणाऱ्या युनिकोडच्या प्रमाणीकरण पद्धतीने नुक्त्याची रीत ‘ऱ’ मध्ये रूपांतरित होते, जोडकाची रीत मात्र होत नाही. ती स्वतंत्रपणे बदलून घ्यावी लागते. याहून पक्का उपाय म्हणजे फाइलीला नावाऐवजी क्रमांक देणे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक गावाला स्वतंत्र संकेतांक आहे. गावाचे नाव फाइलीच्या आत असू द्यावे. बाहेर तो संकेतांक पुरे.

खरा दोष कसा असतो?

शेल कधी चुकतच नाही असे मात्र नाही. १२ सप्टेंबर २०१४ रोजी स्टेफान शाझलास या संगणकतज्ज्ञाने बॅशमधील एक दोष चेट रॅमी यांना कळविला. पुढे तो ‘शेलशॉक’ या नावाने जगभर गाजला. एक कार्यक्रम दुसऱ्याला कामास लावताना त्याच्या हाती माहितीच्या काही चिठ्ठ्या देतो. एखाद्या चिठ्ठीत एखाद्या कामाची व्याख्या असेल तर बॅशने ती फक्त नोंदवून घ्यावी, अशी अपेक्षा होती. परंतु व्याख्या संपल्यानंतर त्याच चिठ्ठीत खाली कोणी काही खरडले असेल तर बॅश तेही आज्ञा समजून अमलात आणीत असे. कचेरीत आलेल्या पत्रावर सहीच्या खाली परक्याने लिहिलेली ओळ कारकुनाने साहेबांचा हुकूम म्हणून पाळावी, तसे हे होते. संकेतस्थळे चालविणारे अनेक संगणक बाहेरून आलेली माहिती अशाच चिठ्ठ्यांतून बॅशकडे देत असल्यामुळे दूरवर बसलेल्या कोणालाही त्या संगणकावर हुकूम सोडता येणे शक्य झाले. हा दोष १९८९ पासून तेथे होता. पंचवीस वर्षे तो हजारो जाणकारांच्या नजरेखालून गेला.

शाझलास यांनी तो आधी गुप्तपणे कळविला आणि दुरुस्ती तयार झाल्यावर २४ सप्टेंबर रोजी तो जाहीर झाला. सुरक्षेला बाध आणणाऱ्या दोषाबाबत हाच शिरस्ता पाळावयाचा असतो, कारण जाहीर झाल्यानंतर काही तासांतच त्याचा गैरफायदा घेण्यास आरंभ झाला. ज्यांचे संगणक सुरक्षित होते की नाही हे त्यांना स्वतःलाच एका ओळीची आज्ञा देऊन ताडून पाहता आले. पडद्यावर एक विशिष्ट शब्द उमटला तर दोष आहे, न उमटला तर नाही. त्याच दिवशी टॅव्हिस ऑर्मंडी यांनी दाखवून दिले की पहिली दुरुस्ती अपुरी आहे. त्यांचा पुरावाही एका ओळीचाच होता. पुढील दिवसांत आणखी दुरुस्त्या कराव्या लागल्या आणि विशिष्ट ठरावीक नावाच्या चिठ्ठीतूनच व्याख्या स्वीकारावयाची असा निर्बंध घातला गेल्यावर ती वाट बंद झाली. एवढ्या घाईतही दुरुस्ती होऊ शकली याचे श्रेय त्या एका ओळीच्या पुराव्याला बरेचसे द्यावे लागेल. वाद घालण्यास जागाच उरली नव्हती.

कळवावे कसे?

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी कोकणात येऊन गेल्यानंतर दापोली, मंडणगड भागात घरांचे पंचनामे झाले. ‘घराचे नुकसान झाले’ एवढ्यावर कोणताही पंचनामा पुरा होत नाही. कोणते घर, कोणती भिंत, किती पत्रे, केव्हा पाहिले आणि कोणासमक्ष, हे नमूद करावे लागते. कारण निर्णय घेणारा त्या जागी उभा नसतो. शेलच्या दोषाचे प्रतिवृत्त लिहिणे याहून वेगळे नाही. फरक एवढाच की येथे वाचणाऱ्याला आपल्या ठिकाणी तेच ‘नुकसान’ पुन्हा घडवून पाहता आले पाहिजे.

बॅशबरोबर ‘बॅशबग’ नावाची एक आज्ञा येते. ती दिली असता एक कोरा नमुना उघडतो. संगणकाचा प्रकार, प्रणाली, बॅशची आवृत्ती आणि तिच्यावर आतापर्यंत बसविलेल्या दुरुस्त्यांचा क्रमांक ही माहिती त्यात आपोआप भरलेली असते. ती पुसू नये. पुष्कळदा कळविलेला दोष पुढच्या दुरुस्तीत आधीच दूर झालेला असतो आणि ते या क्रमांकावरूनच कळते. लिहावयाचे असते ते तीन शीर्षकांखाली : दोषाचे वर्णन, तो पुन्हा कसा घडवून आणावा, आणि सुचत असल्यास उपाय. उपायाचा रकाना कोरा राहिला तरी चालते. मधला रकाना कोरा राहिला तर मात्र प्रतिवृत्ताचा उपयोग राहत नाही.

‘आमच्या संगणकावर शेल मराठी नावे घेत नाही, त्वरित कार्यवाही व्हावी’ या मजकुरावर कोणी काय कार्यवाही करणार? त्याऐवजी पुढील मजकूर पाहावा : ‘भाषा-मांडणी मराठी, यूटीएफ-८. रिकाम्या फोल्डरात मिऱ्या या नावाची फाइल ऱ आणि हलन्त वापरून निर्माण केली. त्याच फोल्डरात तेच नाव र, हलन्त आणि जोडक वापरून लिहिले आणि प्रत मागितली. प्रत मिळावी अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सीपी या कार्यक्रमाने फाइल नसल्याचा संदेश दिला. दोन्ही नावांचे बाइट सोबत दिले आहेत.’ असे प्रतिवृत्त लिहीत असतानाच, ते पाठविण्यापूर्वी, लिहिणाऱ्याच्या लक्षात येते की ते बॅशच्या देखभालकर्त्यांकडे जावयाचे नसून गावांची यादी करणाऱ्या कार्यालयाकडे जावयाचे आहे.

आणखी काही पथ्ये अनुभवी मंडळी पाळतात. संदेश स्वतःच्या शब्दांत न सांगता जसाच्या तसा उतरवून द्यावा. पडद्याचे छायाचित्र पाठवू नये, कारण छायाचित्रातील बाइट मोजता येत नाहीत आणि मिऱ्याच्या छायाचित्रात तर काहीच चुकलेले दिसणार नाही. मोठी आज्ञावली संपूर्ण न पाठविता ती निम्मी निम्मी कापत जावी आणि दोष कायम राहील अशी लहानात लहान ओळ शिल्लक ठेवावी. ग्रामस्थांची नावे, कराच्या रकमा असलेली खरी नोंदवही नमुन्यादाखल कोणालाही पाठवू नये. रिकाम्या फाइलीवर दोष घडत असेल तर तीच द्यावी. एका प्रतिवृत्तात एकच दोष लिहावा. आणि ज्या फाइलीमुळे शंका आली तिचे नाव तपास संपेपर्यंत बदलू नये. नाव पुन्हा टंकलिखित करताच दोष नाहीसा होतो, काम पुढे जाते आणि पुढील यादीत तो पुन्हा येतो, तेव्हा दाखवावयास काहीच हाती उरलेले नसते.

यादी दुरुस्त झाली म्हणजे काम संपले असेही नाही. प्रत्येक आज्ञा पूर्ण झाल्यावर शेल एक अंक मागे ठेवते. शून्य म्हणजे यश, अन्य कोणताही अंक म्हणजे अपयश. रात्रीच्या आज्ञावलीने हा अंक तपासावा, एकाही गावाच्या बाबतीत तो शून्य नसेल तर त्या गावाचे नाव वेगळ्या फाइलीत लिहून ठेवावे आणि सकाळी ती फाइल कोण उघडून पाहणार हे नावानिशी ठरवून द्यावे. त्यानंतर मिऱ्याची शेवटची चांगली प्रत कोणत्या तारखेची आहे ते शोधून, मूळ नोंदवही अद्याप शाबूत असेल तोवर, तिची नवी प्रत त्याच दिवशी काढून घ्यावी. मग सडामिऱ्या, जाकीमिऱ्या आणि अर्धा र असलेली तालुक्यातील बाकीची नावे यादीतून काढून तीही एकेक करून ताडून पाहावीत.